सासूबाईंचा पाय, ऑफिसचं रिलीज आणि कोर्टाचं समन्स

प्रिय मावशी,

गेल्या आठवड्यात टपालात इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीचं ज्युरी ड्यूटीचं समन्स आलं, खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांमध्ये बसायचं कोर्टाचं बोलावणं. मी मागच्याच वर्षी सिटिझन झाले, नवरा अजून ग्रीन कार्डवर आहे. मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ३ वर्षांची. सासूबाई कोल्हापूरहून आल्यात आणि पंधरा दिवसांपूर्वी बागेच्या पायरीवरून घसरून त्यांचा घोटा प्लास्टरमध्ये गेलाय. बाथरूमपर्यंतसुद्धा धरून न्यावं लागतं. मी कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, तासावर पैसे मिळतात, आणि महिनाअखेरीस रिलीज आहे. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, 'यातून सुटता येत नाही का?' मैत्रिणींपैकी एक म्हणते, इंग्लिश येत नाही असं लिही. दुसरी म्हणते, जजसमोर काहीतरी तिरकं बोल, लगेच घरी पाठवतात. तिसरी म्हणते, साधं टपाल आहे, आलंच नाही असं समज. घर कोण बघणार या विचाराने झोप लागत नाही. आणि खरं सांगू? भीतीही वाटते. एखाद्याला तुरुंगात पाठवायचं की नाही हे ठरवणारी मी कोण? आपण तर बाहेरून आलेलो.

— गोंधळलेली, सनीव्हेल

प्रिय गोंधळलेली,

तुझं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. परक्या देशात, पाय प्लास्टरमध्ये, आणि बाथरूमला जायचं तरी कुणाची तरी वाट बघायची. त्यांचा जीव किती कानकोंडा होत असेल! तेव्हा पहिली गोष्ट: प्लास्टर निघेपर्यंत तू कोर्टात जायचं नाहीस. आणि त्यासाठी खोटं बोलायचीही गरज नाही.

समन्स पुन्हा एकदा हातात घे आणि शांतपणे मागची-पुढची बाजू वाच. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी दिलेल्या असतात आणि आपली माणसं घाबरून त्या एकच समजतात. एक म्हणजे तारीख पुढे ढकलणं. दुसरी म्हणजे सूट मागणं. सूट कॅलिफोर्नियात ठरावीक कारणांसाठीच मिळते: तब्येत, कोर्टापर्यंत पोचायची काहीच सोय नसणं, पैशाची फार मोठी ओढाताण, किंवा घरात असं मूल वा आजारी, वृद्ध माणूस असणं ज्याची काळजी तुलाच घ्यावी लागते आणि तुझ्या जागी दुसरं कुणी परवडण्यासारखं मिळत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला वर्षभरापर्यंत पुढची तारीख मागता येते. मी स्वतः पहिल्या समन्सच्या वेळी तेच केलं होतं, माझी मुलगी तेव्हा ४ महिन्यांची होती.

तुझी अडचण शंभर टक्के खरी आहे, पण ती काही आठवड्यांची आहे. हाड जुळेल, त्या चालायला लागतील. म्हणून तू सूट मागू नकोस, तारीख मागून घे. कोर्टाच्या वेबसाइटवर समन्सवरचा नंबर घालून पाच मिनिटांत होतं ते काम. डॉक्टरांना विचार प्लास्टर कधी निघणार, कॅलेंडरवर रिलीज कधी संपतंय बघ, मुलाच्या शाळेला सुट्टी कधी ते बघ, आणि त्या सगळ्याच्या पलीकडची तारीख निवड. आज रात्री मुलं झोपली की कर. हे काम डोक्यावर जितके दिवस राहील तितकी तुझी झोप उडेल.

आता मैत्रिणींचे सल्ले. त्यांनी मायेपोटीच दिले असणार, म्हणून त्यांच्यावर रागवत नाही. पण तिन्ही तुला खड्ड्यात घालणारे आहेत.

'आलंच नाही असं समज' हा सगळ्यात वाईट. उत्तरच दिलं नाही तर पुढची नोटीस येते, आणि तरीही गप्प राहिलीस तर दीड हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. (इथे एक सावधगिरी सांगून ठेवते. 'तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवलीत, अटकेचं वॉरंट निघालंय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा' असे फोन येतात. ते भामट्यांचे असतात. कोर्ट फोनवर पैसे किंवा गिफ्ट कार्ड मागत नाही. फोन सरळ ठेवून द्यायचा. सासूबाईंनाही सांगून ठेव, दिवसभर घरचा फोन त्याच उचलत असतील.)

'इंग्लिश येत नाही' असं लिहिणं म्हणजे त्या कागदावर शपथेवर खोटं लिहिणं. तू इंग्लिशमध्ये मुलाखत देऊन सिटिझन झालीस, दिवसभर इंग्लिशमध्ये बग रिपोर्ट लिहितेस. ज्यांना खरोखरच इंग्लिश कळत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे, त्यांचं नाव आपण वापरू नये. आणि जजसमोर तिरकं बोलायचं? मी त्या खोलीत बसून बघितलंय. एका गृहस्थांनी, सगळे पोलीस खोटारडे असतात, असं ऐटीत सांगितलं. न्यायाधीशांनी त्यांना एकामागून एक इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांना नीट उत्तर देता येईना. खोलीभर माणसं बघत होती. मला त्यांची कीव आली. तिथेही शपथ असते, हे लक्षात ठेव.

आता जरा अवघड बोलते. तुझ्या पत्रात सासूबाई आहेत, दोन मुलं आहेत, मॅनेजर आहे, तीन मैत्रिणी आहेत. नवरा एकदाच आलाय, तोही ग्रीन कार्डसकट. 'घर कोण बघणार' या प्रश्नात तो कुठेच नाही. ग्रीन कार्डवाल्याला ज्युरीत बसता येत नाही, खरं आहे. पण ग्रीन कार्डवाल्याला डेकेअरमधून मुलगी आणता येते, वरण-भाताचा कुकर लावता येतो आणि स्वतःच्या आईला हात धरून बाथरूमपर्यंत नेता येतं. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. बहुतेक तू त्याला विचारलंच नसशील. आपण विचारत नाही, सगळं मनातल्या मनात स्वतःच्याच अंगावर घेतो आणि मग रात्री छताकडे बघत बसतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

त्याला विचार. 'तुला जमेल का' असं विचारू नकोस. 'या आठवड्यात मी कोर्टात आहे, सकाळचं कुणी आणि संध्याकाळचं कुणी ते ठरवू या' असं म्हण. कोर्टाची वेळ साधारण ऑफिससारखीच असते. सकाळी जायचं, दुपारी जेवायची सुट्टी, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर. सिनेमात दाखवतात तसं ज्युरीला हॉटेलात कोंडून ठेवणं फार म्हणजे फारच क्वचित होतं. रात्री तू घरीच असणार आहेस. अवघड आहे ती दुपारी ३ ते ६ ची वेळ, तेवढीच भरून काढायची आहे. शाळेतल्या मुलासाठी त्याच्या एखाद्या मित्राच्या आईला आत्ताच विचारून ठेव आणि पुढच्या महिन्यात तिच्या मुलाला तू आण. अशी देवाणघेवाण इथे सगळेच करतात, त्यात ओशाळायचं काही नाही.

ऑफिसचं थोडक्यात सांगते. मॅनेजरला तोंडी काही सांगू नकोस. समन्सचा फोटो आणि नवी तारीख ईमेलने पाठव, तुझ्या एजन्सीच्या एचआरलाही त्याच ईमेलमध्ये घे. वेळेवर कळवलं असेल तर ज्युरी ड्यूटीला गेलीस म्हणून कामावरून काढणं किंवा त्रास देणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. तो चिडला तरी ईमेल तुझ्याजवळ राहील. पैशांचं मात्र दुखणं खरं आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. तासावर काम करणाऱ्याला त्या दिवसांचे पैसे द्यायलाच हवेत असं बंधन खासगी कंपनीवर नाही. काही देतात, म्हणून विचार जरूर. साठलेली सुट्टी असेल तर ती वापरता येते. कोर्टाकडून दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर रोज आणि जाण्यायेण्याचा थोडा खर्च मिळतो. तुमच्या भागात १५ डॉलरमध्ये दोन माणसांचं दुपारचं जेवणही होत नाही. इतक्या मोठ्या जबाबदारीचं हे मोल आहे याची मला खरोखर चीड येते, कारण याच कारणाने रोजंदारीवरची माणसं ज्युरीतून गळतात आणि ज्यांना परवडतं तेवढीच उरतात.

म्हणून हेही ऐक. तारीख पुढे ढकलून तू गेलीस आणि तिथे कळलं की खटला सहा आठवड्यांचा आहे, तर हात वर कर आणि न्यायाधीशांना स्पष्ट सांग: मी तासावर काम करते, इतके दिवस पगार बुडाला तर घरभाडं थकेल. लांबणाऱ्या खटल्याच्या सुरुवातीला हे विचारतातच. त्यात लाज नाही आणि पळवाटही नाही. चार-पाच दिवसांचा असेल तर मात्र जमव.

आणि बहुतेक इतकं काही होणारही नाही. आदल्या संध्याकाळी समन्सवरचा तुझा ग्रुप नंबर वेबसाइटवर बघायचा, बोलावलं असेल तरच जायचं. पुष्कळ वेळा बोलावतच नाहीत. गेलीस तरी इथला नियम एक दिवस किंवा एक खटला असा आहे. त्या दिवशी कुठल्याच खटल्यासाठी निवड झाली नाही तर संध्याकाळी मोकळी, आणि पुढचं निदान वर्षभर काळजी नाही. सॅन होजेला हेडिंग स्ट्रीटवर हॉल ऑफ जस्टिस आहे, तिथे किंवा तिथून जवळच जायला लागेल, समन्सवर नीट पत्ता असतो. पार्किंग कुठे तेही त्याच कागदावर असतं.

आता तुझ्या शेवटच्या वाक्याकडे येते. 'ठरवणारी मी कोण? आपण तर बाहेरून आलेलो.' खरं तर या एका वाक्यासाठी मी तुझं पत्र निवडलं.

आधी गैरसमज काढून टाकते. तुला कुणाला तुरुंगात पाठवायचं नाहीये. सरकारने ठेवलेला आरोप पुराव्याने सिद्ध झाला की नाही, एवढंच ज्युरीने सांगायचं असतं. शिक्षा किती, ते मृत्युदंडाचे खटले सोडले तर न्यायाधीश ठरवतात. फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं, म्हणजे सगळा भार एकट्या तुझ्यावर नाही, आणि तुझी शंका रास्त असेल तर बाकीच्या अकरा जणांना ती ऐकून घ्यावीच लागते. कायदा तुला माहीत असायची गरज नाही, तो न्यायाधीश समजावून सांगतात.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की पहिलं आठवतं ते नानावटी प्रकरण. १९५९ साली मुंबईत खून झाला, आरोपी नौदल अधिकारी नानावटींना ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, आणि पुढे हायकोर्टाने जन्मठेप दिली. सामान्य माणसं भावनेच्या भरात निकाल देतात असा आपला त्यावरून ग्रह झाला. १९७३च्या फौजदारी संहितेत तर ज्युरीला जागाच ठेवली नाही, त्यामुळे आपल्या पिढीने ती पाहिलेली नाही. पण मला नेहमी त्याआधीचा खटला आठवतो. १९०८, मुंबई हायकोर्ट, आरोपी बाळ गंगाधर टिळक. ज्युरीत ९ माणसं, त्यातली ७ युरोपियन, २ पारशी. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठीतले, आणि ज्युरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. टिळक त्या भाषांतरांतल्या चुका दिवसचे दिवस दाखवत राहिले, आपला शब्द असा होता, त्याचा अर्थ असा होतो. निकाल ७ विरुद्ध २. सहा वर्षं काळं पाणी, मंडाले.

त्या खुर्च्यांवर मराठी वाचणारी चार माणसं असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

इथलंही बघ. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदुस्थानी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असं सांगितलं. ते दार १९४६ साली उघडलं. तोवर आपल्यापैकी इथे आलेला माणूस कोर्टात आरोपी होऊ शकत होता, पण नागरिकत्व घेऊन ज्युरीत बसू शकत नव्हता. तू नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी १०० प्रश्नांची ती पुस्तिका पाठ केली असशील. त्यात एक प्रश्न होता: फक्त अमेरिकन नागरिकाचीच अशी एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोनच होती. फेडरल निवडणुकीत मत देणं, आणि ज्युरीत बसणं. बाहेरून आलेलीलाच हे पाठ करून यावं लागतं, इथे जन्मलेल्याला कुणी विचारत नाही.

माझी एकदाच प्रत्यक्ष निवड झाली. खटला साधा होता, दुकानाच्या पार्किंगमधल्या मारामारीचा, चार दिवस चालला. एक साक्षीदार आपल्याकडचा होता, रात्रपाळीला काउंटरवर उभा राहणारा, पन्नाशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. वकिलाने विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? तो म्हणाला, 'येस सर', आणि मान हलवली. आपण हलवतो तशी, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. पुन्हा प्रश्न, पुन्हा 'येस सर', पुन्हा मान.

नंतर आम्ही बाराजण आतल्या खोलीत बसलो. एक तरुण मुलगा, हुशार, वहीत सगळं टिपून घेणारा, म्हणाला, 'तो तोंडाने हो म्हणत होता आणि मानेने नाही म्हणत होता. माझा नाही विश्वास बसत.' दोघीतिघींनी माना डोलावल्या, त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. माझ्या हातात कागदी कप होता, तो मी खाली ठेवला. छाती धडधडत होती, कारण तोवर दोन दिवस मी त्या माणसांसमोर फारसं तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, मी जिथून आलेय तिथे मान अशी हलवली की त्याचा अर्थ हो असा होतो. माझे वडील आयुष्यभर अशीच मान हलवायचे. आणि मी हलवून दाखवली. खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या मुलाने आपल्या वहीतली एक ओळ खोडली आणि म्हणाला, 'मग आपण त्याची साक्ष पुन्हा पहिल्यापासून बघू या.'

त्या मानेमुळे निकाल फिरला असं मी म्हणणार नाही. इतर पुरावा होता, व्हिडिओ होता, आणखी दोन साक्षी होत्या. पण तो माणूस निदान मानेमुळे खोटा ठरला नाही. त्याला हे कधी कळणारही नाही. त्या चार दिवसांत माझ्या मुलीचा शाळेतला कार्यक्रम चुकला, घरात रोज विकतची पोळी आली, आणि मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तरीही पुन्हा बोलावलं तर जाईन.

मुलं-बाळं, नोकरी, म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायका जर सगळ्याच सुटून गेल्या, तर त्या बारा खुर्च्यांवर घर चालवणारं, पगाराची वाट बघणारं, बोबड्या इंग्लिशला सरावलेलं कोण उरणार? उद्या तुझ्या-माझ्या मुलाची गाडी कुणाला धडकली आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर समोर कोण बसलेलं तुला आवडेल?

निवड झाली तर एक पथ्य कडक पाळ. खटला संपेपर्यंत त्यावर अवाक्षर नाही. नवऱ्याशी नाही, सासूबाईंशी नाही, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच. त्या जागेचा, माणसांचा इंटरनेटवर शोध घ्यायचा नाही. सासूबाई संध्याकाळी 'आज काय झालं गं?' असं विचारणारच, त्यांना आधीच सांगून ठेव की संपल्यावर सगळं सविस्तर सांगेन. त्यांना तेवढीच वाट बघायला एक गोष्ट होईल. दिवसभर एकट्या असतात.

आणि जाताना अंगावर घ्यायला काहीतरी ने, त्या खोल्या गार असतात. वाचायला ने, वाट बघण्यात तास जातात. डबा घरून ने, पण सफरचंद चिरूनच डब्यात घाल. सुरी दारावरच काढून घेतात.

तुझी,
मावशी